नवी पट्टी तयार करते

‘नवी पट्टी तयार करते.’

एवढंच वाक्य मी लिहिलं होतं. चार शब्द. या चार शब्दांपायी २०२३च्या जुलैमध्ये एका शेतकऱ्याच्या नावावर साठ कॅरेट टोमॅटोच्या जागी एकशेवीस कॅरेट चढले. त्या महिन्यात कॅरेटचा भाव कुठे जाऊन भिडला होता, हे जुन्नर तालुक्यात कुणाला सांगायला नको.

मी टेक्निकल रायटर आहे. आमचं घर गोळेगावात, लेण्याद्रीच्या डोंगराखाली. भाजीपाल्याच्या व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीत नोकरी करते. २०२०च्या मार्चमध्ये आठ दिवसांसाठी म्हणून लॅपटॉप घेऊन घरी आले, ती पुण्याला राहायला परत गेलेच नाही. माझी आत्या लेण्यांकडे चढणाऱ्या पायऱ्यांच्या तोंडाशी काकड्या आणि ताक विकते. ती गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगते, ‘आमची भाची पुस्तकं लिहिते.’ मी ते दुरुस्त करायचं आता सोडून दिलंय. कारण दुरुस्त करायला गेलं की एपीआय म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागते.

तरी इथे करते. एका प्रोग्रामनं दुसऱ्या प्रोग्रामला काम सांगायची ठरलेली रीत म्हणजे एपीआय. आडत्याच्या गाळ्यावरचं मोबाईल ॲप आमच्या सर्व्हरकडे काहीतरी मागतं किंवा त्याला काही कळवतं, आणि सर्व्हर उत्तर देतो. ज्या वस्तूंबद्दल बोलायचं त्यांना रिसोर्स म्हणतात. आमच्याकडे शेतकरी, वाहन, भाव, पट्टी असे रिसोर्स आहेत. वस्तूंवर करायच्या क्रिया मात्र मोजक्याच, वेबच्या एचटीटीपी या नियमावलीतून उचललेल्या. गेट म्हणजे दाखव, पोस्ट म्हणजे बहुतेक वेळा नवं बनव, पुट म्हणजे आहे ते काढून हे ठेव, पॅच म्हणजे एवढाच भाग बदल, डिलीट म्हणजे काढून टाक. (पॅच तर २०१० साली उशिरा येऊन पंक्तीला बसलं.) रिसोर्स आणि त्यांच्याशी एकाच ठरावीक पद्धतीनं बोलणं, या मांडणीला रॉय फिल्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठात, अर्व्हाइन इथे सादर केलेल्या आपल्या प्रबंधात ‘रेस्ट’ असं नाव दिलं. नामं हवी तितकी आणि क्रियापदं बोटावर मोजण्याइतकी, असं हे व्याकरण आहे. माझं काम त्या प्रत्येक नामापुढे आणि क्रियापदापुढे एकेक वाक्य लिहायचं. ते वाचून कुठल्यातरी गावचा कुणीतरी डेव्हलपर आपलं ॲप जोडतो. तो मला कधी भेटत नाही आणि सहसा काही विचारत नाही. वाचतो आणि कामाला लागतो.

कंपनीत पहिलं भांडण नामावरून झालं. आमचा डेव्हलपर बेंगळुरूचा. त्यानं पट्टीला ‘इन्व्हॉइस’ म्हटलं होतं. इंग्रजीत ते चांगलं दिसत होतं, त्यामुळे मीही आधी काही बोलले नाही. एका संध्याकाळी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्क्रीनवर डोकावून विचारलं, “हे काय?” मी म्हटलं, “बिल. तुमची पट्टी.” तर म्हणाले, “बिल मी करतो का? माल माझा, पट्टी तो करतो.”

खरंच की. माल शेतकऱ्याचा, विकतो आडत्या, आणि विकून झाल्यावर हिशेब शेतकऱ्याच्या हातावर ठेवतो: इतके कॅरेट, हा भाव, एवढी हमाली, एवढी तोलाई, गाडीभाडं, मागची उचल, आणि उरलेली रक्कम. इन्व्हॉइस विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातं. पट्टी उलट्या दिशेनं, ज्याचा माल त्याच्याकडे येते. नाव चुकलं असतं तर दिशाच चुकली असती; ‘कुणी द्यायचे’ आणि ‘कुणाला द्यायचे’ हे दोन रकाने कुणीतरी नक्की उलटे भरले असते. मी दोन मीटिंगांमध्ये भांडले आणि ‘पट्टी’ हे नाव एपीआयच्या वेब-पत्त्यात गेलं. मग अनेकवचन ‘पट्ट्या’ की ‘पट्टीज’ यावर अर्धा तास खर्च झाला. ‘पट्टीज’ जिंकलं. ते मला अजून खुपतं.

नाव मिळालं म्हणजे वर्णन झालं असं नाही. आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं पाप म्हणजे शब्दाचा अर्थ त्याच शब्दानं सांगणं. ‘अमाउंट’पुढे ‘अमाउंट ऑफ पट्टी’. अशी पानं आपोआप तयार होतात. पूर्वी स्वॅगर म्हणत ती पद्धत २०१५ साली लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेली आणि पुढे तिचं नाव ओपनएपीआय झालं. ती कोडमधून रकाने आखून देते, टंकलेखन वाचवते, पान देखणं करते, आणि रिकामा रकाना भरलेला असल्यासारखा दाखवते. ‘अमाउंट’ म्हणजे कापायच्या आधीची रक्कम की हातात पडलेली? डेव्हलपरला विचारलं तर त्यानं कोड बघून सांगितलं, “हातात पडलेली.” आठ दिवसांनी म्हणाला, “उचल मात्र वजा केलेली नाही.” असल्या एका ‘मात्र’साठी मला पगार मिळतो.

एककांचंही तसंच. केंद्र सरकारच्या खुल्या डेटाच्या संकेतस्थळावर देशभरच्या बाजार समित्यांचे रोजचे भाव एपीआयनं मिळतात. बाजार, शेतमाल, वाण, आवकेची तारीख, किमान भाव, कमाल भाव आणि ‘मोडल’ भाव असे रकाने असतात. नमुन्याच्या किल्लीनं एका वेळी दहाच नोंदी येतात, आपली किल्ली घेतली की पुढच्या उघडतात. मी शिकताना यावरच हात बसवला. पहिल्यांदा टोमॅटोचा भाव दादांना दाखवला तर ते हबकले, कारण तो क्विंटलचा होता आणि ते वीस किलोच्या कॅरेटचा समजले. ‘मोडल’ मात्र त्यांना माझ्याआधी कळलं. मी सरासरी म्हणून समजावत होते. ते म्हणाले, “नाही. जास्त माल ज्या भावानं गेला तो.” आपल्याकडच्या बाजारभावाच्या पत्रकात त्याला सर्वसाधारण दर म्हणतात. शब्दकोशातून इतकं नेमकं मला मिळालं नव्हतं.

दुपारी डोकं चालेनासं झालं की मी पायऱ्या चढते. घरापासून जवळ हा एकच व्यायाम. लेण्याद्रीला पायऱ्या किती? कुणी २८३ सांगतं, कुणी ३०७. लहानपणी आम्ही भावंडं मोजायचो, आकडा कधी जुळला नाही, आणि वर पोचेपर्यंत भांडण व्हायचं. आता वाटतं, कुठून मोजायला लागायचं हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. रस्त्यापासून? तिकिटाच्या खिडकीपासून? पहिल्या पायरीला एक म्हणायचं की तिच्यावर उभं राहून शून्य? ही थट्टा नाही. नोंदींची यादी पानापानानं मागताना पहिलं पान शून्य की एक, हे न लिहिल्यामुळे पहिल्या पन्नास नोंदी गाळून पुढे गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

वर सातव्या लेण्यात गिरिजात्मज गणपती बसलाय. आत खांब नाहीत, भोवती खोल्या, म्हणजे हा एकेकाळचा भिक्षूंचा विहार. शेजारचं सहावं लेणं चैत्यगृह. भाविक तिथे फारसे रेंगाळत नाहीत, सावलीपुरते टेकतात. एकदा एक प्राध्यापक मुलांना घेऊन आले होते आणि तिथला ब्राह्मी लेख वाचून दाखवत होते. मीही मागे उभी राहिले. जन्म या डोंगराखाली गेला आणि भिंतीवर अक्षरं आहेत हे मला तोवर फक्त ऐकून माहीत होतं. लेखाचा आशय एवढाच: कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत, त्यानं दिलेलं चैत्यगृह. कोण, कुणाचा, कुठला, काय. संपलं. ‘दिलं’ असं क्रियापद नाही. ‘देयधम’ म्हणजे धर्मार्थ दिलेली वस्तू, तेही नामच.

मग नाद लागला. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत असे बरेच लेख आहेत. इरिल नावाच्या यवनानं दोन पोढ्या दिल्या, म्हणजे पाण्याची दोन टाकी. आकडा सांगितलाय, मोघम नाही. चिट नावाच्या यवनानं भोजनमंडप दिला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दिली. आमच्या आडत्यांचे ते पूर्वजच म्हणायचे. मानमोडीच्या डोंगरात नहपान राजाच्या अयम नावाच्या अमात्याचा लेख आहे. त्यानं पोढी आणि मंडप दिला, वर्ष ४६, आणि शेवटी ‘कतो’, केला. इथे कुठे तारीख आणि क्रिया भेटली.

मी हे ऑफिसच्या ग्रुपवर कौतुकानं सांगितलं आणि पस्तावले. एका सहकाऱ्यानं लगेच ‘दोन हजार वर्षांपूर्वीचं डॉक्युमेंटेशन’ अशी स्लाइड केली. टाळ्या पडल्या. मला ते पटलं नाही. पोढीतून पाणी कसं काढायचं हे सांगायला लेख कोरलेला नाही. पुण्य कुणाच्या खात्यावर जमा करायचं हे सांगायला कोरलाय. म्हणजे तो लेख डॉक्युमेंटेशनपेक्षा पट्टीच्या जवळचा. अपवाद आहेत ते कायम दानाचे लेख. मानमोडीलाच अडुथुम नावाच्या एका शकाचा लेख आहे. त्यात गावाचं नाव आहे, करंजाच्या झाडांजवळची वीस निवर्तनं जमीन आहे, वडाजवळची वेगळी. असला लेख कोरणाऱ्याला माहीत असतं की आपण गेल्यावर दुसऱ्या कुणाला तरी हे वाचून वागायचं आहे. म्हणून जमीन किती, कुठली, कुठल्या झाडाशी, हे तो सोडत नाही. माझ्या चार शब्दांत नेमकं ते सुटलं होतं.

तर तो जुलै. बाजार आमच्या तालुक्याबाहेरचा. ॲप आमचं नव्हतं, तिथल्याच एका तरुणानं आमच्या एपीआयवर बांधलेलं होतं. पाऊस, नेटवर्क येतंय-जातंय. मुनीमानं साठ कॅरेटची पट्टी भरून बटण दाबलं. विनंती सर्व्हरला पोचली, पट्टी झाली, सर्व्हरनं २०१ क्रमांकाचं उत्तरही धाडलं, म्हणजे ‘नवं तयार झालं’. ते उत्तर वाटेत हरवलं. ॲपला वाटलं, काम झालं नाही. कुठल्याही शहाण्या ॲपसारखं त्यानं पुन्हा पाठवलं. सर्व्हरनं पुन्हा नवी पट्टी केली. ‘नवी पट्टी तयार करते’ असं मी लिहिलेलंच होतं. सर्व्हर माझ्या शब्दाला जागला.

शेतकऱ्याला दुप्पट रकमेचा मेसेज गेला. संध्याकाळी त्याचाच फोन आला. पैसे परत करायचे आहेत म्हणून त्यानं फोन केला नव्हता. त्याचा प्रश्न वेगळा होता. आज जास्त चढले ते मला दिसले, उद्या कमी चढले तर मला कळेल का? तो प्रश्न आडत्याकडून ॲपवाल्याकडे, ॲपवाल्याकडून आमच्या सपोर्टला आणि तिथून माझ्याकडे आला. ॲपवाला तरुण फोनवर अगदी अदबीनं बोलत होता. “मॅडम, दोनदा पाठवलं तर काय होतं, ते तुमच्या पानावर कुठे लिहिलंय?” तो फोनवर असतानाच मी पान खालीवर केलं. कुठेच नव्हतं.

नियमावलीत आहे. एचटीटीपीची २०२२ची आवृत्ती स्पष्ट सांगते की पुट आणि डिलीट कितीदाही पाठवा, परिणाम एकदा पाठवल्यासारखाच. पोस्टबद्दल तशी हमी नाही. मी हे आत्याला देवळाच्या भाषेत सांगितलं. समई पेटलेली असताना पुन्हा काडी लावली तरी समई एकच पेटलेली राहते, ते पुट. घंटा दोनदा वाजवली की दोनदा वाजते, ते पोस्ट. आत्या म्हणाली, “मग पट्टीला घंटा कशाला बांधली?” आमच्या आर्किटेक्टनं हाच प्रश्न चार दिवसांनी मोठ्या शब्दांत विचारला.

त्याच्या आधी रात्री जेवताना दादांनी विषय मिटवून टाकला होता. “गाडी आत आली की आवक पावती फाटते. पावती एक, तर पट्टी दोन कशा होतील?” डेव्हलपर मंडळींकडे याला आयडेम्पोटन्सी की म्हणतात. ॲपनं प्रत्येक कामाला एक खूण द्यायची, पुन्हा पाठवताना तीच खूण लावायची. सर्व्हरनं खूण ओळखून नवं न करता आधीचंच उत्तर परत द्यायचं. त्यांना लांबलचक, कुणाला वाचता न येणारी अक्षरं हवी होती. मी म्हटलं, बाजारात खूण आधीच आहे, तिला क्रमांक आहे, ती कागदावर छापलेली आहे. शेवटी दोन्ही ठेवलं. अक्षरांची किल्लीही, आणि एका आवक पावतीवर एकच पट्टी हा नियमही.

आता मी ते पान नव्यानं लिहायला घेतलं. माझी एक सवय आहे: आधी वहीत मराठीत लिहायचं, मग इंग्रजी करायचं. इंग्रजीत क्रियापदानं वाक्य सुरू करून कर्ता गाळता येतो, कुणाला काही वाटत नाही. मराठीत ‘करते’ म्हटलं की कोण करते, हे डोळ्यांपुढे यावं लागतं. ‘होते’ म्हटलं तर आपोआप. ‘करून मिळते’ म्हटलं तर कुणीतरी मधे आहे. २०२ हे उत्तर घ्या. त्याचा अर्थ ‘स्वीकारलं, पण अजून झालेलं नाही’. इंग्रजीत ते समजावायला मला परिच्छेद लागतो. मराठीत ‘अर्ज स्वीकारला’ एवढं पुरतं. तालुक्याच्या गावी वाढलेल्या कुणालाही स्वीकारणं आणि होणं यातलं अंतर पाठ असतं.

नवा मजकूर साधारण असा झाला: ‘दिलेल्या आवक पावतीवर नवी पट्टी तयार करते. तयार झाली की २०१ आणि पट्टीचा क्रमांक येतो. उत्तर आलं नाही, तर पट्टी झाली नाही असं धरू नका. तीच किल्ली लावून पुन्हा पाठवा. पट्टी आधी झाली असेल तर तीच परत मिळेल, दुसरी होणार नाही. त्याच पावतीवर वेगळ्या किल्लीनं पट्टी मागितली तर ४०९ येईल.’ ४०९ म्हणजे ‘आधीच्याशी विरोध’. संपादकांनी लांबी कमी करा म्हटलं. मी एक शब्दही काढला नाही. एरवी मी इतकी हट्टी नाही.

हात घातलाच होता म्हणून डिलीटही बघितलं. तिथे माझंच जुनं वाक्य होतं, ‘पट्टी काढून टाकते’. साफ खोटं. चुकलेली पट्टी पुस्तकातून कुणी फाडत नाही. तिच्यावर तिरपी रेघ मारून ‘रद्द’ लिहितात आणि ती पुस्तकात तशीच राहते, क्रमांकासकट; पुढच्या हिशेबाला तीच साक्षीदार. आमचा सर्व्हरही आत तेच करत होता, फक्त बाहेर डिलीट म्हणत होता. मी म्हटलं, याला ‘रद्द’ अशी वेगळी क्रिया द्या. आर्किटेक्ट रेस्टचा कट्टर. पत्त्यात क्रियापद घालणं म्हणजे त्याला सोवळ्यात चप्पल. तोड निघाली ती अशी, की पट्टीला ‘स्थिती’ नावाचा रकाना दिला आणि पॅचनं तो ‘रद्द’ करायचा. रद्द केलेली पट्टी गेटनं मागितली तर मिळते, रद्द झाल्याच्या तारखेसकट. डिलीट मागितलं तर ४०५, ही क्रिया इथे चालत नाही. माझ्या मते आमच्या अख्ख्या एपीआयमधली ही सगळ्यात प्रामाणिक जागा आहे, आणि ती वाचायला कुणीही येत नाही.

नवी आवृत्ती शुक्रवारी लागली. शनिवारी दादा बाजारातून आले, हातपाय धुतले, चहा घेतला आणि दोन पट्ट्या माझ्यासमोर ठेवल्या. एकाच गाडीच्या. दोन्हींवर आवक पावतीचा क्रमांक तोच.

“ह्या कशा?” मी विचारलं.

“एक नंबर माल एका गाळ्यावर दिला, गोल्टी दुसऱ्यावर. गोल्टीला तिथं भाव बरा होता.”

“पण तुम्ही म्हणाला होतात, पावती एक तर पट्टी एक.”

“तू मला दोनदा चढवण्याचं विचारलंस,” ते म्हणाले. “माल वाटण्याचं कुठं विचारलंस?”

आमच्या नियमाप्रमाणे त्यांच्या दुसऱ्या पट्टीला ४०९ आलं असतं. मी वही काढली, त्यांच्याकडे सरकवली, आणि म्हटलं, “एका पावतीवर किती किती तऱ्हेनं पट्ट्या निघतात, तेवढं सांगा.” त्यांनी चष्मा लावला आणि बोटांवर मोजायला लागले. एकपासून.